निकालावर पैसे देणारा करार: सहीआधी जोडपत्र वाचा

काम सरकारचं, सुरुवातीचा पैसा खासगी गुंतवणूकदाराचा, प्रत्यक्ष राबणारी एखादी संस्था, आणि ठरलेला निकाल दिसला तरच सरकारने गुंतवणूकदाराला मुद्दल आणि वर परतावा द्यायचा. सोशल इम्पॅक्ट बॉण्ड म्हणतात तो हा व्यवहार. शेवटी पैसे सरकारऐवजी देणगीदार संस्था देणार असेल तर त्यालाच डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बॉण्ड म्हणतात. नावात बॉण्ड असला तरी बाजारात विकत घ्यावा असा हा रोखा नसतो, चार-पाच पक्षांमधला करार असतो. आपल्या राज्यातही याची सुरुवात झाली आहे. 2020 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने आरोग्यसेवेसाठी असा बॉण्ड आखण्याकरता संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी (यूएनडीपी) सामंजस्य करार केला. उद्या असा प्रस्ताव बीड, हिंगोली किंवा धाराशिवच्या जिल्हा परिषदेपुढे आला तर नवल वाटायला नको. तिजोरीत पैसा कमी आणि शाळा, दवाखाना, पाणी यांची गरज मोठी, तिथे ‘आधी आम्ही खर्च करतो, निकाल लागला तरच द्या’ हे वाक्य फार गोड लागतं.

या पद्धतीला माझा सरसकट विरोध नाही. पण अशा करारात खरं काय ठरलंय ते पहिल्या दहा पानांवर नसतं. ते मोजमापाच्या जोडपत्रात असतं: काय मोजायचं, कधी मोजायचं, कशाशी तुलना करायची, कोण मोजणार. शेवटी पैसा जनतेचा जाणार असेल तर ते जोडपत्र सही होण्याआधी सर्वसाधारण सभेपुढे आणि संबंधित गावांच्या ग्रामसभांपुढे आलंच पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

शेतात खुरपणीचं काम उक्तं दिलं की लवकर उरकतं, पण मुळं राहिली का हे वाकून बघावं लागतं. निकालावर पैसे देताना हे वाकून बघणं कुणीतरी पगारी माणसाने, ठरलेल्या पद्धतीने करायचं असतं.

जगातला पहिला असा बॉण्ड 2010 मध्ये इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या तुरुंगात सुरू झाला. कमी मुदतीची शिक्षा भोगून सुटणारे पुरुष कैदी पुन्हा गुन्ह्याकडे वळू नयेत, हे काम. 17 गुंतवणूकदारांनी 50 लाख पौंड घातले. अट अशी की सुटलेल्यांच्या एका तुकडीत पुन्हा शिक्षा होण्याचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा 10 टक्क्यांनी, किंवा सगळ्या तुकड्या मिळून साडेसात टक्क्यांनी घटलं पाहिजे. पहिल्या तुकडीत घट 8.4 टक्के आली, म्हणजे तेव्हा पैसे निघाले नाहीत. शेवटी दोन तुकड्यांची मिळून 9 टक्के आली आणि 2017 मध्ये मुद्दल आणि वर्षाला साधारण 3 टक्के परतावा मिळाला. तिसरी तुकडी झालीच नाही, कारण मधल्या काळात सरकारने देशभर पुनर्वसनाची नवी व्यवस्था आणली. धोरण मध्येच बदललं तर मोजमाप आणि देणं यांचं काय होणार, हे करारात आधी लिहिलेलं नसेल तर भांडण ठरलेलं.

न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगातला करार जोखमीबद्दल जास्त शिकवतो. गोल्डमन सॅक्स या बँकेने 72 लाख डॉलर घातले आणि त्यातल्या 60 लाखांची हमी ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या धर्मादाय संस्थेने घेतली. 2015 मध्ये मूल्यमापकाने सांगितलं की तिथल्या किशोरवयीन कैद्यांच्या पुन्हा तुरुंगात येण्यावर कार्यक्रमाचा परिणाम दिसला नाही. शहराने पैसे दिले नाहीत, हे चांगलंच झालं. पण बँकेचं नुकसान 12 लाखांवर थांबलं, बाकीचं धर्मादाय पैशातून गेलं. म्हणून ‘जोखीम गुंतवणूकदाराची’ असं सादरीकरणात म्हटलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: हमी कुणाची, किती रकमेची? आणि ती हमी फिरून सरकारी महामंडळाकडे किंवा जिल्ह्याच्या निधीकडे तर येत नाही ना?

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. करार काल्पनिक आहे, आकडे हिशोब कळावा म्हणून घेतले आहेत, प्रश्न मात्र पूर्ण खरा आहे. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, मुलं फडात किंवा आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात. समजा एक संस्था म्हणते की 60 गावांतल्या 3,000 मुलांना आम्ही हंगामात गावच्या शाळेत टिकवतो, टिकलेल्या प्रत्येक मुलामागे 9,000 रुपये द्या.

हंगामाअखेर 1,800 मुलं टिकली. बिल 1 कोटी 62 लाख. आकडा पाहून कुणीही खूश होईल. पण कार्यक्रम नसता तरी 3,000 पैकी 1,200 मुलं आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात राहिलीच असती. म्हणजे कार्यक्रमामुळे टिकलेली मुलं 600, आणि त्यातल्या प्रत्येकामागे आपण दिले 27,000 रुपये. एखाद्या मुलाचं शिक्षण वाचत असेल तर 27,000 सुद्धा जास्त नाहीत, हे मी ठामपणे म्हणेन. पण मग सभेपुढे 27,000 हाच आकडा ठेवा. त्याहून वाईट शक्यता अशी की संस्थेने काहीच केलं नाही. तरी 1,200 मुलं टिकणारच, आणि करार एकूण संख्येवर असेल तर 1 कोटी 8 लाखांचं बिल निघणारच. या एका कारणासाठी करारात ‘टिकलेली मुलं’ असं न लिहिता ‘तुलनेच्या गावांपेक्षा जास्त टिकलेली मुलं’ असं लिहावं लागतं.

तुलनेची गावं कुठून आणायची? त्याच तालुक्यांतून, साधारण तेवढंच स्थलांतर असलेली. सगळ्यांत स्वच्छ मार्ग म्हणजे 60 गावांची नावं चिठ्ठीत घालून 30 गावांत पहिल्या वर्षी काम सुरू करायचं आणि उरलेल्या 30 मध्ये दुसऱ्या वर्षी. कुणालाच कायमचं वगळलं जात नाही आणि एक हंगाम खरी तुलना मिळते. चिठ्ठ्या ग्रामपंचायतींच्या प्रतिनिधींसमोर काढाव्यात. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात बंद दाराआड काढलेल्या यादीवर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि बसूही नये. ‘मागच्या वर्षी एवढी गेली, यंदा एवढी’ अशी नुसती आधी-नंतरची तुलना इथे चालत नाही. पाऊस बरा झाला, कापूस-सोयाबीन हाती लागलं की कोयते कमी निघतात. उसाचं क्षेत्र वाढलं आणि उचल वाढली की जास्त निघतात. त्यात संस्थेचं कर्तृत्व काही नसतं.

तारीख तर याहून घातक. पहिली मोजणी जानेवारीत केली, टोळ्या फडात असताना, आणि शेवटची पुढच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी केली, तर वर्ग भरलेले दिसणारच. लोक परत आलेले असतात. दोन्ही मोजण्या एकाच पंधरवड्यात, ऐन हंगामात व्हायला हव्यात. जोडपत्रात महिना लिहिलेला नसेल, नुसतं ‘वर्षाअखेर’ असं असेल, तर ते जोडपत्र परत पाठवा.

मग हजेरी. देणं हजेरीपटावर अवलंबून ठेवलं की हजेरीपट बिघडतो. मास्तर वाईट म्हणून नाही, वरून फोन येतो म्हणून. त्यामुळे हजेरीपट एकटा पुरावा धरायचा नाही. त्याच दिवसाची पोषण आहाराची नोंद, तांदळाचा साठा, न सांगता दिलेल्या भेटीत मोजलेली डोकी आणि घरी जाऊन केलेली विचारपूस, हे चारही जुळले पाहिजेत. पोषण आहाराच्या नोंदीतही फुगवटा असू शकतो, म्हणून डोकी मोजण्याला सगळ्यांत जास्त वजन. भेटीच्या शाळा मूल्यमापकाने त्याच दिवशी सकाळी निवडाव्यात आणि कळवू नयेत.

आणि नावं आधी गोठवा. काम सुरू होण्यापूर्वी 3,000 मुलांची नावानिशी यादी बंद करायची. नंतर एकही नाव काढायचं नाही, घालायचं नाही. नाहीतर अवघड मुलं यादीतून गळतात. ज्याची आजी धडधाकट आहे ते मूल टिकवणं सोपं. दहा-अकरा वर्षांची मुलगी, जिला तान्ह्या भावाला सांभाळायला फडात नेतात, तिला थांबवायचं तर घरात दुसरी सोय लावावी लागते, वसतिगृहात बाई ठेवावी लागते, आईबापाशी चार वेळा बोलावं लागतं. दोघांचा दर 9,000 च असेल तर संस्था कुणाकडे जाईल हे उघड आहे. ब्रिटनच्या 2011 च्या वर्क प्रोग्रॅम या रोजगार योजनेत हेच झालं. नोकरी लागल्यावर पैसे, म्हणून नोकरी लागण्यासारख्यांकडे लक्ष गेलं आणि आजारी, अपंग माणसं मागे पडली. तेव्हा अशा मुलींचा दर जास्त ठेवा आणि त्यांचा किमान वाटा अट म्हणून घाला.

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या बालवाडी प्रकल्पात पायाभूत आकडाच, म्हणजे ज्याच्याशी निकाल ताडायचा तो सुरुवातीचा आकडा, फसवा निघाला. एका शब्दसंग्रह चाचणीत कमी गुण पडलेली 110 मुलं पुढे विशेष शिक्षणात जातील असं गृहीत धरलं. त्यातल्या 109 मुलांना ती गरज पडली नाही, आणि वाचलेल्या खर्चातून गुंतवणूकदाराला हप्ता मिळाला. तुलनेचा गट नव्हता. त्यातली बरीच मुलं कार्यक्रम नसता तरी विशेष शिक्षणात गेली नसती, असं तज्ज्ञांनी 2015 मध्ये दाखवून दिलं. आपल्याकडे तांड्यावरची गोरमाटी बोलणारी मुलं पहिलीत प्रमाण मराठीतली चाचणी देतात तेव्हा गुण कमी पडतात, आणि वर्षभर वर्गात बसल्यावर नुसती भाषा कानावर पडून वाढतात. ती वाढ कार्यक्रमाच्या नावावर लावायची नसेल तर तुलनेच्या गटात तांडे असायलाच हवेत.

नीट केलेलं काम पाहायचं तर राजस्थानच्या भिलवाड्याकडे बघा. 2015 ते 2018, एज्युकेट गर्ल्स ही संस्था, 166 शाळा. यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने 2 लाख 70 हजार डॉलर घातले, निकालाचे पैसे चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशनने दिले, मोजणी आयडीइनसाइट या मूल्यमापन संस्थेने केली. देण्यातला 80 टक्के हिस्सा शिकण्यातल्या वाढीवर आणि 20 टक्के मुलींच्या पटनोंदणीवर होता. शिकण्याची वाढ चिठ्ठीने निवडलेल्या तुलना-गावांशी ताडून पाहिली. पटनोंदणीचं लक्ष्य शाळाबाह्य मुलींच्या 79 टक्के होतं, ती 92 टक्के झाली. शिकण्याचं लक्ष्य 160 टक्के गाठलं गेलं. मला त्यातली सगळ्यांत मोलाची बाब वेगळी वाटते. दुसऱ्या वर्षाअखेर शिकण्याचं लक्ष्य निम्म्याच्या आसपासच होतं, आणि तो आकडा लपवला गेला नाही. तो समोर होता म्हणून तिसऱ्या वर्षी शिकवण्याची पद्धत बदलता आली. गुंतवणूकदाराला वर्षाला 15 टक्के परतावा मिळाला. तिथे देणारी खासगी संस्था होती, तिचा पैसा, तिची मर्जी. हाच परतावा जिल्हा परिषदेच्या तिजोरीतून द्यायचा असेल तर 15 टक्के का, कमाल मर्यादा किती, हे सभेत बोललं गेलं पाहिजे.

उलट बाजूला इंग्लंडचा ट्रबल्ड फॅमिलीज कार्यक्रम. 2012 पासून प्रत्येक ‘सुधारलेल्या’ कुटुंबामागे स्थानिक परिषदेला जास्तीत जास्त 4,000 पौंड. पुढे 99 टक्के कुटुंबं सुधारल्याचा दावा झाला, आणि 2016 च्या स्वतंत्र मूल्यमापनात लक्षणीय परिणामाचा पुरावा सापडला नाही. दावा करणारा आणि मोजणारा एकच असला की असं होतं.

पाण्याबद्दल तर मराठवाड्याने फार जपून राहावं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि त्याच सप्टेंबरच्या पावसात मांजरा धरण भरलं. मे 2016 हा पायाभूत महिना धरून मे 2017 मध्ये मोजलं असतं, तर लातूर जिल्ह्यातली कोणतीही जलयोजना, अगदी न केलेलीसुद्धा, यशस्वी ठरली असती. जलयुक्त शिवारवर साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च झाला, गावं टंचाईमुक्त झाल्याची घोषणा झाली, आणि कॅगच्या 2020 च्या अहवालाने भूजल वाढवण्यात योजनेचा फारसा प्रभाव दिसत नाही असं नोंदवलं. झालेली कामं मोजली गेली, पाणी मोजलं गेलं नाही. निकालावर पैसे द्यायचेच असतील तर निरीक्षण विहिरींची पातळी त्या वर्षीच्या पावसाशी ताडून पाहा, शेजारच्या पाणलोटातल्या विहिरी तुलनेला घ्या, आणि किमान एक कोरडं वर्ष मोजणीत येईल इतकी मुदत ठेवा. ‘टँकरची संख्या घटली’ हे मोजमाप अजिबात नको. टँकर मंजूर करणं तहसील आणि प्रांत कार्यालयाच्या हातात असतं. मंजुरी अडली की संख्या आपोआप घटते, आणि बाई घागर घेऊन तशीच उभी राहते.

आरोग्यात आपल्या रीतिरिवाजानेच आकडे हलतात. पहिलं बाळंतपण माहेरी. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, प्रसूती दुसऱ्या जिल्ह्यात. सासरच्या गावात ‘पाठपुरावा सुटला’ आणि माहेरच्या गावात ‘संस्थात्मक प्रसूती वाढली’. एकीकडे करार असेल आणि दुसरीकडे नसेल, तर पैसा चुकीच्या दाराशी जातो. आशाताईंना हा घोळ तोंडपाठ असतो. जोडपत्र लिहिताना त्यांना बोलवा, आणि त्या दिवसाचा मोबदला द्या.

आता उत्तरदायित्वाचा कागद. 2022 नंतर बराच काळ जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. अशा वेळी एका अधिकाऱ्याच्या सहीने पाच वर्षांचं देणं डोक्यावर बसू शकतं, आणि ते फेडायची वेळ येते तेव्हा सही करणारा बदलीवर गेलेला असतो. म्हणून कमाल देय रक्कम, कोणत्या वर्षी किती, कोणत्या लेखाशीर्षाखाली, हे करारासोबतच अंदाजपत्रकात दिसलं पाहिजे. वकील, मध्यस्थ, मूल्यमापक यांचा खर्च वेगळा दाखवा. छोट्या प्रकल्पात हा वरखर्च इतका होतो की थेट अनुदान स्वस्त पडतं. मूल्यमापकाची निवड गुंतवणूकदाराकडे किंवा राबवणाऱ्या संस्थेकडे नको, आणि त्याची फी निकालावर अवलंबून नको. स्थानिक निधी लेखापरीक्षकांना आणि कॅगला संस्थेची मूळ पत्रकं पाहण्याचा हक्क करारातच लिहा. काम मध्येच थांबलं तर मुलांची, रुग्णांची माहिती कुणाकडे राहणार आणि सेवा दुसऱ्या दिवसापासून कोण देणार, हेही. औरंगाबाद शहराचा पाणीपुरवठा 2014 मध्ये खासगी कंपनीकडे गेला आणि 2016 मध्ये महापालिकेने करार रद्द केला. तो निकालावरचा बॉण्ड नव्हता, पण सेवा हातातून सोडणं सोपं आणि परत घेणं किती अवघड, हे या शहराला कुणी शिकवायला नको.

ग्रामसभेपुढे वर्षातून एकदा गावनिहाय निकाल वाचला जावा. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात कलम 17 ने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला होता. तो नमुना तयार आहे, तोच करारात घालता येतो.

करार आधीच झाला असेल तर माहितीचा अधिकार. त्या नियमांतल्या जोडपत्र ‘अ’ या नमुन्यात अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, म्हणून दोन अर्ज करा. पहिल्यात: कराराची सर्व जोडपत्रांसह प्रत, आणि मूल्यमापकाच्या निवडीची कागदपत्रं. दुसऱ्यात: आजवर अदा केलेल्या रकमा, प्रत्येक रकमेसोबतचा पडताळणी अहवाल, आणि गावनिहाय संख्या. मुलांची किंवा रुग्णांची नावं मागू नका. वैयक्तिक माहितीचं कारण देऊन अख्खा अर्ज फेटाळला जाऊ शकतो, आणि तशीही ती नावं चव्हाट्यावर यायला नकोत.

उत्तर बहुधा कलम 8(1)(घ) चं येईल, वाणिज्यिक गुप्तता. त्यावर पहिल्या अपिलात दोन मुद्दे लिहा. सार्वजनिक पैसा कोणत्या अटीवर द्यायचा हा व्यापक जनहिताचा विषय आहे आणि त्याच कलमात जनहितासाठी माहिती देण्याची मुभा आहे. दुसरा, कलम 10 प्रमाणे गोपनीय भाग झाकून उरलेली प्रत देता येते. उत्तराची मुदत 30 दिवस, पहिलं अपील त्यानंतरच्या 30 दिवसांत, दुसरं 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. दोन्ही अपिलांना 20-20 रुपयांचा स्टॅम्प लागतो. प्रत मिळेपर्यंत थांबू नका, अभिलेख पाहणीची मागणी पहिल्याच अर्जात करा आणि पाहणीला जाताना गावातला हिशोब जाणणारा एक माणूस आणि शाळा व्यवस्थापन समितीचा एक सदस्य सोबत न्या. भेटींच्या पत्रकावरच्या तारखा आणि आपल्या गावातून टोळ्या गेल्या-आल्याच्या तारखा शेजारी ठेवून बघायला त्या दोघांना अर्धा तास पुरतो.